जंगलाचा सिंकिंग फंड

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या आवारात झालेल्या संगीत आणि कोकोपानाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरीसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत असताना कर्जाचा एक अर्ज वाचायला मी याहून जास्त वेळ घ्यायचो, तेव्हा थोडं सांभाळून घ्या. बोलून झालं की गाणं आहे आणि मघापासून जिचा वास येतोय ती कोकोची पातेलीही तयार आहे.

आपल्या तरुण मंडळींनी रौप्यमहोत्सवासाठी हा कार्यक्रम ठरवला तेव्हा सोसायटीत दोन प्रकारची कुजबुज झाली. एक, आमच्या वयाच्या लोकांची: चहा-कॉफी सोडून हे कोकोचं काय नवीन खूळ? आणि दुसरी, हिशेबी लोकांची: वर्षावनं वाचवायला पैसे गोळा करताय, पण ॲमेझॉन कुठं आणि आपलं आसनगाव कुठं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोन्हींची उत्तरं द्यायचा मी आज प्रयत्न करणार आहे आणि शेवटी जमलेल्या पैशांबद्दल एक सूचना मांडणार आहे.

आधी कोको. ज्याला मुलं ‘काकाओ’ म्हणतात ते हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलं. इक्वेडोर देशात सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून दिसतं की तिथले लोक सुमारे ५३०० वर्षांपूर्वी ते वापरत होते. पुढे मध्य अमेरिकेत माया आणि ॲझ्टेक लोकांमध्ये या बियांच्या पेयाला देवाधर्मात, लग्नकार्यात मान मिळाला. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव दिलं ‘थिओब्रोमा’, म्हणजे देवांचं अन्न. तेव्हा खूळ असलंच तर ते बरंच जुनं आहे.

माझ्यासारख्या बँकवाल्याला यातली दुसरीच गोष्ट भावते. ॲझ्टेक लोकांच्या बाजारात कोकोच्या बिया हेच चलन होतं. मेक्सिकोतल्या त्लाश्काला गावातली १५४५ सालची दरांची यादी आजही उपलब्ध आहे. एका मोठ्या टोमॅटोला एक बी आणि चांगल्या टर्की कोंबडीला शंभर बिया, असे दर त्यात आहेत. आणि गंमत म्हणजे, तिथं खोट्या नोटांचाही धंदा होता! रिकाम्या सालीत माती भरून खोटी बी बाजारात खपवायचे. म्हणजे जिथं कॅश, तिथं बोगस कॅश, हा नियमही तितकाच जुना.

पण कोकोची एक कडू बाजूही आहे, ती मुलांना माहीत असावी. आज जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. १९६० नंतर आयव्हरी कोस्टमधलं बहुतेक जंगल नाहीसं झालं आणि त्याचं एक मोठं कारण कोकोची लागवड हेच होतं. म्हणजे ज्या पेयाचा कप हातात धरून आपण जंगल वाचवा म्हणतोय, त्याच पेयापायी जंगल तुटलेलं आहे. म्हणून कोको वाईट असं मी म्हणत नाही. आपल्याकडे केरळ, आंध्र, कर्नाटकात नारळ-सुपारीच्या सावलीत, जंगल न तोडता कोको घेतात. नुसता कप उंचावून जंगल वाचत नाही, एवढंच मला म्हणायचंय. पैसा कुणाच्या हातात जातो आणि जमीन कुणाच्या ताब्यात राहते, यावर ते ठरतं.

याची दोन उदाहरणं देतो, दोन्ही लांबची आहेत.

१९८७ साली स्वीडनमधल्या एका छोट्या गावातल्या शाळेत बाई मुलांना वर्षावनांबद्दल शिकवत होत्या. जंगल तुटतंय हे ऐकून नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, आपण काय करू शकतो? त्या वर्गाने कार्यक्रम करून पैसे जमवले आणि कोस्टा रिका देशात माँटेव्हर्डे इथं जंगलाचा एक तुकडा विकत घेण्यासाठी पाठवले. मग इतर शाळा, इतर देश त्यात आले. आज ‘मुलांचं चिरंतन वर्षावन’ या नावाने तिथं २२ हजार हेक्टरांहून जास्त जंगल राखलेलं आहे. तेव्हा सतरंजीवरच्या मंडळींनो, तुम्ही लहान आहात म्हणून तुमचं काही चालणार नाही असं कुणी म्हटलं, तर त्यांना हे सांगा.

दुसरं उदाहरण गाण्याचं. इंग्लंडचा गायक स्टिंग आणि ब्राझीलमधल्या कायापो आदिवासींचे प्रमुख राओनी १९८९ मध्ये जंगलासाठी एकत्र जगभर हिंडले. त्या वर्षी रेनफॉरेस्ट फाउंडेशन ही संस्था निघाली आणि पुढे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिच्या मदतीसाठी मैफली झाल्या. त्या संस्थेने पहिलं मोठं काम हाती घेतलं ते कायापो लोकांच्या जमिनीची हद्द कायद्याने आखून घेण्याचं. झाडं लावण्याचे फोटो नंतर. आज उपग्रहाच्या चित्रात त्या भागात पाहिलं तर आजूबाजूला कुरणं आणि शेतं झालेली दिसतात, आणि मध्ये आदिवासींच्या ताब्यातला भाग हिरवा उठून दिसतो.

आता घरी येऊ या.

आपलं जंगल काही ॲमेझॉनसारखं बारमाही हिरवं वर्षावन नाही. भीमाशंकरच्या माथ्यावर तसं रान आहे, पण खाली शहापूर-मुरबाडला आहे ते पानगळीचं. साग, ऐन, मोह, पळस, हिरडा, बेहडा. एप्रिलमध्ये माहुलीच्या पायथ्याला गेलात तर वाटेल की सगळं वाळून गेलंय, आणि जूनच्या शेवटी तेच डोंगर ओळखू येत नाहीत. पण म्हणून ते कमी मोलाचं समजू नका. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८८४ नंतर शंभरावर वर्षं ते कुणाला दिसलंच नाही, नामशेष झालं असं धरून चालले होते. १९९७ मध्ये ते नंदुरबारकडे पुन्हा सापडलं आणि २०१४ मध्ये आपल्या तानसाच्या जंगलात. आपण आसनगावला लोकल पकडायला धावतो, तिथून ते काही फार लांब नाही.

आणि हे जंगल पाणी देतं. तानसा धरण १८९२ चं. मग मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईला रोज सुमारे ३८० ते ४०० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. म्हणजे आपल्यातले जे रोज मुंबईला ऑफिसात जाऊन पाणी पितात, ते बहुतेक करून आपल्याच तालुक्यातलं पाणी पितात. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मार्चपासून टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपल्या तालुक्याइतकी कुणाला लागू पडत नसेल.

मुरबाडकडे पाहा. तिथल्या काळू धरणात जवळजवळ एक हजार हेक्टर वनजमीन जाणार. वनखात्याची मंजुरी मिळण्याआधीच काम सुरू झालं, म्हणून लोक कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. मी पाण्याच्या विरोधात नाही, मलाही सकाळी नळाला पाणी लागतं. पण आपली तहान जंगलाच्या मुळाशी पोचते, हे विसरून आपण जंगलाची काळजी करू लागलो, तर ती काळजी अर्धीच म्हणायची.

माझी नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत झाली. त्यातली बरीच वर्षं ग्रामीण शाखांत गेली. ऐंशीच्या दशकात बैलजोडीला, शेळ्यांना कर्ज द्यायचो. म्हशाच्या यात्रेत, पौष पौर्णिमेला, बैल विकत घेतले जायचे आणि आम्ही मागाहून पाड्यावर बैल आहेत ना, हे पाहायला जायचो. अशाच एका तपासणीत मी एका ठाकर बाबांना विचारलं की शेताच्या बांधावरचं हे एवढं मोठं मोहाचं झाड तुम्ही तोडत का नाही, सावलीने भात कमी येत असेल. त्यांनी सांगितलं, साहेब, तुमच्या बँकेचा हप्ता आम्ही भरतो. हे झाड दर फाल्गुन-चैत्रात आम्हालाच हप्ता देतं, तोही न मागता. पहाटे फुलं गळतात, ती वेचून वाळवायची. बियांचं तेल काढायचं. पावसाळ्यात घरात धान्य कमी पडलं की तीच फुलं उकडून खायची. शहरातल्या माणसाला मोह म्हटलं की फक्त दारू आठवते. पण आदिवासी घरात मोह म्हणजे अन्न, तेल आणि देवाला वाहायची वस्तू. ॲझ्टेकांना जसा कोको, तसा आपल्या डोंगरातल्या लोकांना मोह.

म्हणजे मुलांनो, तुम्ही केलेला कार्यक्रम नवीन असला तरी त्याची कल्पना आपल्या मातीला परकी नाही. देवाला दिलेलं पेय, ढोल, रात्रभर नाच आणि त्यातून राखलेलं रान, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. भाताच्या हंगामात तारपा वाजतो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. ज्याची भीती वाटते त्यालाच नैवेद्य देऊन रानात त्याची जागा मान्य करायची. पावसाच्या सुरुवातीला उगवणारी कवळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही, अशी रीत पाड्यांवर असते. तोपर्यंत त्या भाजीला वाढायला, मूळ धरायला वेळ मिळतो. कायद्याच्या पुस्तकात याला बंदीचा काळ म्हणतील.

आणि देवराई. देवाच्या नावाने राखलेलं रान, जिथलं लाकूड तोडायचं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा सुशिक्षितांचं तिकडे लक्ष गेलं. मुरबाडहून आहुपे घाट चढून वर गेलं की आहुप्याची देवराई लागते. तिथं ना कुंपण, ना वॉचमन. लोकांची श्रद्धा हेच कुंपण.

मग असं असताना जंगल विरळ का झालं? सगळा दोष आदिवासींच्या कुऱ्हाडीला देणं सोपं आहे, पण इतिहास वेगळं सांगतो. इंग्रज सरकारने जंगल राखीव केलं, तेव्हा राबासाठी फांद्या छाटणं, गुरं चारणं, लाकूडफाटा आणणं, यावर बंधनं आली. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर फांद्या-पाला जाळणं, त्याशिवाय इथली शेती होत नसे. लोक इतके त्रासले की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींसाठी सरकारला १८८५ मध्ये खास आयोग नेमावा लागला. ज्या रानाचे आपण राखणदार होतो, त्याच रानात चोर ठरलो, असं लोकांना झालं. माणूस स्वतःच्या घराची जेवढी काळजी घेतो, तेवढी परक्याच्या घराची घेत नाही. आपण भाड्याने राहत होतो तेव्हा गळका नळ दिसायचा, पण दुरुस्त कोण करायचं? सोसायटी आपली झाली आणि आपण टाकीत चढून व्हॉल्व्ह तपासायला लागलो.

जंगलाच्या बाबतीत हे ‘आपलं’पण कायद्यानं परत दिलं २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्यात गावाला सामूहिक वनहक्क मिळतो आणि कलम ५ प्रमाणे जंगल, वन्यजीव, पाण्याचे स्रोत राखण्याची जबाबदारीही येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला असा हक्क देशात सगळ्यात आधी मिळाला, १८०० हेक्टरांच्या आसपास जंगलावर. त्या गावाच्या ग्रामसभेने बांबू स्वतः विकला, पैसा स्वतःच्या खात्यात घेतला आणि कुठं किती तोडायचं हेही स्वतः ठरवलं. आपला शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे अशा गावांत ग्रामसभेला स्वतःचा ‘ग्रामसभा कोष’ ठेवता येतो. हे ऐकून माझ्यासारख्याला बरं वाटतं. खातं आहे, म्हणजे पासबुक आहे, आणि पासबुक आहे म्हणजे विचारता येतं.

आता माझी सूचना.

आपल्या सोसायटीत सिंकिंग फंड आहे. उपविधीप्रमाणे सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आपण बाजूला काढतो. दुरुस्ती निधी वेगळा, पाऊण टक्का. सुरुवातीला यावरून सर्वसाधारण सभेत किती वाद झाले ते जुन्या सभासदांना आठवत असेल. इमारत तर नवी कोरी आहे, मग कशाला पैसे? आज पंचवीस वर्षांनी स्लॅब गळायला लागल्यावर त्या पैशाची किंमत कळते. इमारतीचं आयुष्य संपत जातं हे आपल्याला समजतं, म्हणून आपण दरवर्षी थोडं थोडं ठेवतो. डोंगरावरचं जंगल म्हणजे आपल्या पाण्याची टाकी. तिच्यासाठी आपण आजवर एक रुपयाही बाजूला काढलेला नाही. हा पंचवीस वर्षांचा थकीत हप्ता आहे असं समजा.

मी असं सुचवतो. आजचा पैसा ॲमेझॉनला पाठवण्यापेक्षा आपल्या डोंगरातल्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या एखाद्या गावाच्या ग्रामसभेला द्यावा. गाव कोणतं, ते कमिटीने चौकशी करून ठरवावं. पैसा चेकने, ग्रामसभेच्या खात्यात, रोख अजिबात नाही. मेंटेनन्सच्या पैशाशी त्याची सरमिसळ नको. तिकिटांतून किती आले, मांडव, साउंड आणि कोको यांवर किती गेले, उरले किती, हे तीन आकडे नोटीस बोर्डवर लागू द्या. खर्च जास्त झाला असेल तर तेही दिसू द्या, पुढच्या वेळी मांडव लहान घालू.

पैसा कशाला वापरायचा, हे त्या गावाने ठरवावं. पण विचारलंच तर एक काम मला माहीत आहे, आणि ते तातडीचं आहे: वणवा. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गच्चीवरून डोंगरावर लाल रेघ सरकताना तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. बऱ्याचदा मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग पुढे जाते. मोठी झाडं त्यातून तगतात, म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. पण जमिनीवरची रोपं जळतात. म्हणजे म्हातारे राहतात आणि पोरं जातात. असं वीस वर्षं झालं तर पुढचं जंगल कुठून येणार? शिवाय पाला जळून उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहते आणि धरणात गाळ होऊन बसते.

यावर उपाय फार महाग नाहीत. होळीच्या आधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवत-पाला साफ करून मोकळे पट्टे ठेवायचे, की आग तिथं थांबते. त्याला माणसं लागतात, मजुरी लागते. मोहाखाली जाळी बांधली तर फुलं वरच्यावर मिळतात, पाला पेटवायची गरजच राहत नाही. आगीच्या दोन महिन्यांत रात्री फिरणाऱ्या राखणदारांना मानधन आणि बॅटऱ्या. एवढ्याने शेकडो एकरांवरची रोपं वाचू शकतात. आपण खड्डे खणून शंभर रोपं लावतो, फोटो काढतो आणि मे महिन्यात त्यातली किती जगली ते पाहायला कुणी जात नाही. त्यापेक्षा जे आपोआप उगवतंय ते जळू न देणं जास्त स्वस्त आणि जास्त पक्कं.

आणि हे एका वर्षाचं काम नव्हे. एकदा कर्ज फेडलं आणि खातं बंद, असं इथं चालत नाही. निदान पाच वर्षं, दर वर्षी एक संध्याकाळ. ३० सप्टेंबरच्या आत आपली वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिथं विषयपत्रिकेवर एक विषय ठेवा: जंगल निधीचा हिशेब. त्या गावच्या दोन माणसांना सभेला बोलवा आणि मागच्या रांगेत न बसवता त्यांचं म्हणणं ऐका. आणि फेब्रुवारीत जाळरेषा काढायच्या दिवशी आपल्यातले दहा जण तरी तिथं जा. काम त्यांच्याइतकं जमणार नाही, पण नेमकं काय राखायचंय ते डोळ्यांनी दिसेल. मला गुडघ्यांमुळे डोंगर चढता येत नाही, पायथ्याशी पाण्याचा पिंप सांभाळायची जबाबदारी माझी.

एक शेवटचं. आज जे पाहुणे तारपा घेऊन आलेत, ते आपली करमणूक करायला आलेले नाहीत. ज्या रानाच्या नावाने आपण पैसे गोळा करतोय, त्याचे ते घरचे लोक आहेत. त्यांचं मानधन आजच्या आज, कार्यक्रम संपताच द्यायचं, ‘नंतर बघू’ नाही. आणि जेवणाची पहिली पंगत त्यांची.

ॲमेझॉनच्या लोकांना आपण काय देणार? आपल्या दारातलं रान नीट राखलं तर त्यांनाही त्याचा आनंदच होईल. उद्या त्यांच्या मुलांनी शाळेत विचारलं की इतर देशांतले लोक काय करतात, तर सांगायला शहापूर-मुरबाडची एक गोष्ट तयार असावी.

आता कोको घ्या. माझ्या वयाच्यांनी आणि ब्लडप्रेशरवाल्यांनी अर्धाच कप, कारण त्यात थोडं कॅफिन असतं आणि झोप उडते. मग तारपा सुरू होईल. गोल धरायला सगळे उठा, नुसते मोबाइल वर धरून उभे राहू नका.